वाचकांचे प्रश्न : सूक्ष्मजीवांच्या वस्तीत काम कोणाचे चालू आहे?

माती, शेण, तळ्याचे पाणी किंवा माणसाचे आतडे अशा ठिकाणी एकत्र राहणाऱ्या असंख्य सूक्ष्मजीवांची प्रथिने एकाच वेळी तपासण्याच्या शास्त्राला मेटाप्रोटिऑमिक्स म्हणतात. मागील अंकात या विषयाची ओळख करून देणारा लेख आल्यानंतर मराठवाड्यातील अनेक वाचकांनी प्रश्न पाठवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि लांब पत्रांचा गाभा ठेवून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचला की वस्तीत कोण आहे ते कळते आणि त्यांच्याजवळ कोणती जनुके आहेत तेही कळते. प्रथिने जनुकांवरूनच बनतात. मग प्रथिने स्वतंत्रपणे तपासण्याचा एवढा खटाटोप कशासाठी?
– माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक, जिंतूर

आपण मुळालाच हात घातला आहे, म्हणून हे उत्तर आधी आणि सविस्तर देतो. डीएनएवरून वस्तीत कोण आहे आणि प्रसंग पडल्यास त्याला काय करता येईल, एवढे कळते. मतदार यादीत नाव असणे आणि रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव असणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. यादीतला माणूस गावात असेल, ऊसतोडीला बाहेर गेलेला असेल किंवा हयातही नसेल. आज कामावर कोण आहे ते हजेरीपटच सांगतो. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए मातीत बराच काळ टिकून राहतो आणि तपासणीत जिवंत जिवाणूंच्या डीएनएबरोबरच वाचला जातो. जिवंत जिवाणूसुद्धा आपली सगळी जनुके एकाच वेळी वापरत नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत सुमारे 4,300 जनुके आहेत. त्यातील लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणाऱ्या विकराचे (म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) उदाहरण आपण वर्गातही सांगू शकाल. भोवती लॅक्टोज नसेल तर एका पेशीत या विकराचे जेमतेम काही रेणू असतात. लॅक्टोज मिळाले आणि ग्लुकोज संपलेले असले की त्यांची संख्या सुमारे हजारपटीने वाढते. या दोन्ही अवस्थांत डीएनए अगदी तोच असतो, त्यामुळे डीएनएच्या तपासणीत हा बदल दिसण्याचा मार्गच नाही.

हा फरक प्रत्यक्ष पिकात किती महत्त्वाचा ठरतो, हे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या भातावरील एका अभ्यासात दिसले. संशोधकांनी भाताच्या पानांवरील आणि मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांचा डीएनए वाचला आणि त्यांची प्रथिनेही तपासली. सुमारे 4,600 प्रथिने ओळखली गेली. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकराचे जनुक पानांवरील जिवाणूंतही सापडले आणि मुळांजवळच्या जिवाणूंतही. प्रथिन मात्र फक्त मुळांजवळ आढळले. केवळ डीएनए पाहून कोणी निष्कर्ष काढला असता, तर पानांवरही नत्र स्थिर होत असल्याचे त्याने सहज लिहून टाकले असते. माझ्या मते या शास्त्राची गरज पटवून देण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

जनुकावरून प्रथिन बनण्याच्या मधल्या टप्प्यावर संदेशवाहक आरएनए असतो. तो तपासूनही कोणती जनुके वापरात आहेत याचा अंदाज येतो. परंतु जिवाणूंमध्ये त्याचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचेच असते, आणि नमुना बाटलीत भरेपर्यंतच त्याचे प्रमाण बदलू लागते. प्रथिने त्या मानाने टिकाऊ असतात.

हे शास्त्र तसे तरुण आहे. 2004 साली पॉल विल्म्स आणि फिलिप बाँड यांनी सांडपाण्यातून स्फुरद काढणाऱ्या गाळातील जिवाणूंची प्रथिने एकत्रितपणे वेगळी केली आणि या शास्त्राचे नाव रूढ होण्यास सुरुवात झाली. त्या प्रयत्नात ओळख पटलेली प्रथिने अगदी मोजकी होती. दुसऱ्याच वर्षी जिलियन बॅनफिल्ड यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटनच्या खाणीत, अतिशय आम्लधर्मी पाण्यावर वाढणाऱ्या गुलाबी थरातून, पाच प्रमुख सूक्ष्मजीवांची 2,033 प्रथिने ओळखली. त्यात विपुल आढळलेले एक प्रथिन तोपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हते. ते लोहाचे ऑक्सिडेशन करणारे सायटोक्रोम (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन) निघाले, आणि त्या खाणीतून आम्लयुक्त पाणी तयार होण्याच्या साखळीतील ती कळीची पायरी आहे. त्या वस्तीत जाती फार थोड्या होत्या आणि त्यांचे जनुकसंच आदल्याच वर्षी वाचून झालेले होते, म्हणून हे यश मिळाले. आपल्या मातीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी ही सोय नसते, हे पुढील उत्तरे वाचताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : माती परीक्षणाच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि सेंद्रिय कर्ब यांचे आकडे येतात, पण जमिनीतले जिवाणू काम करतात की नाही ते कळत नाही. मी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम लावतो, जिवामृतही देतो. प्रथिनांच्या तपासणीतून त्याचा उपयोग होतो की नाही हे कळेल का?
– सोयाबीन उत्पादक शेतकरी, औसा

आपली अपेक्षा अगदी योग्य आहे आणि हे शास्त्र पुढे त्याच दिशेने जायला हवे असे मलाही वाटते. परंतु आजच्या घडीला आपल्या शेताच्या मातीची अशी तपासणी करून खत-औषधाचा निर्णय घेता येईल, असे मी सांगणार नाही. त्याची कारणे आपल्या काळ्या जमिनीतच आहेत आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पाऊस पडला की जमीन फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते या चिकणमातीमुळेच. तिच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि प्रथिने त्यावर घट्ट चिकटून बसतात. मातीतून प्रथिने बाहेर काढण्यासाठी डिटर्जंट घालून उकळले, बारीक मणी टाकून जोरात हलवले, तरी बराच भाग मातीलाच धरून राहतो. जो भाग सुटतो त्याच्याबरोबर कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतून बनलेली ह्युमिक आम्ले येतात. त्यांनी द्रावण तपकिरी होते, प्रथिने मोजण्याच्या नेहमीच्या रंगपद्धती चुकीचे आकडे देतात आणि पुढे प्रथिने ओळखणाऱ्या यंत्रातही अडथळा येतो. त्यातून, एक ग्रॅम मातीत हजारो जातींचे मिळून अब्जापर्यंत सूक्ष्मजीव असू शकतात, त्यामुळे प्रत्येक जातीच्या वाट्याला येणारे प्रथिन फारच थोडे असते. विपुल असलेल्या मोजक्या जातींची प्रथिने दिसतात आणि बाकीच्यांची यंत्राच्या नजरेखालीच राहतात.

आणखी एक अडचण मला अधिक गंभीर वाटते. चिकणमातीला चिकटलेले प्रथिन तेथे सुरक्षितही राहते. जिवाणू मेल्यानंतर त्याचे प्रथिन मातीत शिल्लक असेल, तर तपासणीत तेही हजर म्हणूनच नोंदले जाईल. यावर संशोधकांनी शोधलेला उपाय असा आहे की, नमुन्याला कार्बन 13 किंवा नायट्रोजन 15 या जड समस्थानिकांनी युक्त अन्न द्यायचे आणि काही काळाने प्रथिने तपासायची. नव्याने बनलेल्या प्रथिनांचे वजन किंचित वाढलेले असते, त्यामुळे जुनी आणि नवी प्रथिने वेगळी ओळखता येतात. पद्धत उत्तम आहे, पण ती प्रयोगशाळेतील संशोधनाची आहे. शेतकऱ्याला अहवाल देण्याची नाही.

आपल्याला लगेच करता येण्याजोग्या दोन गोष्टी सांगतो. सोयाबीन फुलोऱ्याच्या सुमारास असताना वाफशावर चार-पाच झाडे मुळांसह हळुवार खणून काढावीत, मुळांवरच्या गाठी नखाने किंवा ब्लेडने कापून आतला रंग पाहावा. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर गाठ काम करीत आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ काम करीत नाही, असे समजावे. हा लाल रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होते, आणि जिवाणूला तर श्वसनासाठी ऑक्सिजन लागतोच. म्हणून झाड स्वतः लेगहिमोग्लोबिन बनवून गाठीतला मोकळा ऑक्सिजन अत्यल्प ठेवते व जिवाणूपर्यंत तो बेताने पोहोचवते. म्हणजे गाठ कापून पाहताना आपण डोळ्यांनी प्रथिनाचीच तपासणी करीत असता, आणि तिला एक रुपयाही खर्च येत नाही. बियाण्याला रायझोबियम लावलेला आणि न लावलेला असे दोन पट्टे शेजारी-शेजारी ठेवले तर तुलना आपल्याच शेतात करता येईल. तुलना करताना गाठींची संख्या आणि आतला रंग दोन्ही पाहावेत, कारण ज्या शेतात पूर्वी अनेकदा सोयाबीन घेतलेले आहे तेथे मातीतले जुने रायझोबियमही गाठी करतात.

दुसरी गोष्ट जिवामृताबद्दल. मातीतील डिहायड्रोजिनेज, फॉस्फेटेज आणि युरिएज या विकरांची क्रियाशीलता मोजण्याच्या पद्धती जुन्या, सोप्या आणि स्वस्त आहेत. डिहायड्रोजिनेजच्या चाचणीत तर मातीत टाकलेले रंगहीन रसायन जिवाणूंच्या श्वसनामुळे लाल होते आणि त्या लालीवरून अंदाज बांधला जातो. यातून कोणता जिवाणू काम करतो ते कळत नाही, पण एकंदर काम किती चालले आहे ते कळते. कृषी विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात किंवा कृषी विज्ञान केंद्रात याची विचारणा करावी, आणि जिवामृत दिलेल्या व न दिलेल्या तुकड्यांतील नमुने एकाच दिवशी, सारख्याच ओलीवर घेतले जातील याची खबरदारी घ्यावी.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. शेकडो जातींची प्रथिने एकत्र मिसळलेली असताना कोणते प्रथिन कोणाचे आहे हे नेमके कसे ठरवतात? पुस्तकात एका परिच्छेदात हा विषय आटोपला आहे.
– विद्यार्थिनी, नांदेड

कामाचा क्रम आधी पाहू. नमुन्यातून काढलेली प्रथिने ट्रिप्सिन या विकराने तोडतात. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढेच साखळी कापते, त्यामुळे प्रत्येक प्रथिनाचे तुकडे कोठे पडणार हे आधीच सांगता येते. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. ते द्रवक्रोमॅटोग्राफीच्या बारीक स्तंभातून एकामागून एक बाहेर येतात, विद्युतदाबाखाली त्यांचा फवारा होऊन ते भारित अवस्थेत मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात शिरतात. नाजूक जैविक रेणू न मोडता असे भारित करण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तनाका यांना 2002 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. यंत्र आधी अख्ख्या पेप्टाइडचे वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मोजते, नंतर निवडक पेप्टाइड फोडून त्याच्या तुकड्यांचे मोजते. दोन लगतच्या तुकड्यांतील फरक एका अमिनो आम्लाएवढा असतो, आणि त्यावरून क्रम उलगडतो. ल्युसिन व आयसोल्युसिन यांचे वस्तुमान अगदी सारखे असल्याने या नेहमीच्या पद्धतीत ती दोन वेगळी ओळखता येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग. यंत्राने दिलेला वर्णपट, म्हणजे तुकड्यांच्या या मोजमापांचा आलेख, संगणक स्वतः वाचून काढत नाही. बहुतेक वेळा तो वर्णपट ज्ञात प्रथिनक्रमांच्या सूचीशी ताडून पाहिला जातो. म्हणजे जे प्रथिन सूचीत नाही ते नमुन्यात कितीही असले तरी सापडणार नाही. एकाच जिवाणूचा अभ्यास असेल तर सूची सरळ असते. वस्तीचा अभ्यास असेल तर कोणती सूची वापरायची हाच सगळ्यात अवघड निर्णय ठरतो. जगातील सगळी ज्ञात प्रथिने घालून सूची अवाढव्य केली, तर योगायोगाने जुळणारी उत्तरेही वाढतात. ती गाळण्यासाठी निकष कडक करावे लागतात आणि त्यात खरी उत्तरेही गळून पडतात. फार लहान सूची घेतली तर अनेक वर्णपट अनुत्तरित राहतात, किंवा भलत्याच पेप्टाइडशी जुळतात. म्हणून त्याच नमुन्याच्या अर्ध्या भागातून डीएनए वाचून, त्यातल्या जनुकांवरून नमुन्याची स्वतःची सूची तयार करणे हा उत्तम मार्ग मानला जातो. डीएनएचा अभ्यास आणि प्रथिनांचा अभ्यास एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत, तर दुसरा पहिल्याच्या पायावर उभा राहतो, हे येथे स्पष्ट होते.

चुकीच्या जुळण्यांचे प्रमाण ओळखण्याची युक्ती मला नेहमीच फार सुंदर वाटली आहे. खऱ्या सूचीबरोबर तेवढीच एक खोटी सूची जोडतात. ती खऱ्या प्रथिनांचे क्रम उलटे लिहून तयार केलेली असते. या खोट्या सूचीत मिळालेली प्रत्येक जुळणी चूकच असणार, आणि खऱ्या सूचीतही साधारण तेवढ्याच चुका झाल्या असतील असे धरून जुळणीच्या गुणांची सीमारेषा ठरवतात. चुकांचे प्रमाण 1 टक्का ठेवण्याचा प्रघात आहे. शोधनिबंध वाचताना ही सीमा पेप्टाइडवर लावली आहे की प्रथिनावर, ते आवर्जून पाहत जा.

यानंतर मालकीचा प्रश्न येतो. नात्याने जवळच्या जातींमध्ये प्रथिने एवढी सारखी असतात की एकच पेप्टाइड अनेक जातींत आढळते. प्रथिननिर्मितीत भाग घेणारा ईएफ-टीयू हा घटक किंवा घडी घालण्यास मदत करणारे ग्रोईएल ही प्रथिने पेशीत विपुल असल्याने अशा अभ्यासांत ती हमखास सापडतात, पण त्यांचे पुष्कळसे पेप्टाइड अनेक जातींत समान असतात. अशा वेळी प्रामाणिक मार्ग एकच : ते पेप्टाइड ज्या ज्या जातींत आहे त्यांच्या सर्वांत जवळच्या समान पूर्वजगटापर्यंतच ओळख द्यायची. उत्तर कधी प्रजातीपर्यंत जाईल, कधी कुळापर्यंत, तर कधी जिवाणू एवढेच म्हणून थांबावे लागेल. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचे युनिपेप्ट हे मोफत साधन याच तत्त्वावर चालते. समान पेप्टाइड असलेली प्रथिने एका गटात बांधून गटाचाच अहवाल देण्याची पद्धतही रूढ आहे.

या सगळ्या पायऱ्यांत प्रयोगशाळेप्रमाणे फरक पडत असेल, तर निष्कर्षांवर विश्वास कितपत ठेवावा, ही शंका तुमच्या मनात येईल आणि ती यायलाच हवी. 2021 साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून तिचा पडताळा घेतला. तेच नमुने सर्वांना दिले आणि प्रत्येकाने आपल्या पद्धतीने काम केले. पेप्टाइडच्या पातळीवर निकालांत बराच फरक आढळला, आणि त्याचे मुख्य कारण संगणक नसून नमुना हाताळण्याच्या पद्धती होत्या. प्रथिनगटांच्या पातळीवर हा फरक बहुतांशी मावळला. कोणती जात किती आहे याबाबत मतभेद उरले. वस्तीत कोणती कामे चालू आहेत याचे चित्र मात्र सर्वांचे जवळजवळ सारखे आले. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. या शास्त्राला कामाविषयी प्रश्न विचारावा, शिरगणतीसाठी त्याला राबवू नये, हे त्यातून उघड दिसते. तुमच्या प्रबंधाचा प्रश्न ठरवताना एवढे धरून चाला.

प्रथिन हजर आहे म्हणजे ते त्या क्षणी काम करीतच आहे, असेही गृहीत धरू नका. काही जिवाणूंत अमोनिया मिळाला की नायट्रोजिनेजवर एक रासायनिक गट चिकटवून ते तात्पुरते बंद केले जाते. साध्या मोजणीत ते पूर्वीइतकेच दिसत राहते.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या आसवनीतील स्पेंटवॉशवर (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यावर) बायोगॅस संयंत्र चालते. मधूनमधून ते आम्लधर्मी होते आणि गॅस पडतो. प्रथिनांवरून याची पूर्वसूचना मिळू शकेल का?
– संयंत्रचालक, कळंब

मिथेन बनवण्याची अखेरची पायरी मिथिल-कोएन्झाइम एम रिडक्टेज हे विकर पार पाडते, आणि मिथेन बनवणाऱ्या सर्व आर्किया (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातील) सूक्ष्मजीवांत ते असते. या गटाची वाढ संथ असते. आधीच्या पायरीवरचे जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे आम्ल करण्यात तरबेज आणि वेगाने वाढणारे असतात. भार एकदम वाढला की आम्ले साचतात, सामू उतरतो आणि मिथेनवाले आणखी मागे पडतात. आपल्याकडे गॅस पडतो तो बहुधा याच मार्गाने. मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीव ॲसिटिक आम्लावर चालतात, तर काही हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडवर. या दोन मार्गांच्या विकरांचे परस्परप्रमाण पाहिले तर संयंत्राचा कल कोठे आहे ते कळू शकते. जर्मनीत माग्डेबुर्ग येथील संशोधकांनी अनेक बायोगॅस संयंत्रांतील प्रथिने या दृष्टीने अभ्यासली आहेत, आणि त्यात जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंची प्रथिनेही सापडली. म्हणजे जिवाणूंची संख्या केवळ अन्नाच्या कमीजास्तीने ठरत नाही.

तरीही रोजच्या देखरेखीसाठी मी आपल्याला याची शिफारस करणार नाही. अशा तपासणीचा निकाल यायला दिवस लागतात आणि संयंत्र त्याआधीच बिघडू शकते. बाष्पशील आम्लांचे अल्कतेशी असलेले गुणोत्तर नियमित मोजत राहावे. सामू उतरण्यापूर्वीच ते वाढू लागते. प्रथिनांच्या तपासणीचा उपयोग एकच संयंत्र पुन्हा पुन्हा का बिघडते, याचा मुळापासून शोध घ्यायचा असेल तेव्हा आहे. त्यासाठी संयंत्र उत्तम चालू असतानाचे नमुने गोठवून ठेवलेले असले पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार?

प्रश्न : लोणार आमच्या तालुक्याला लागूनच आहे. 2020 साली सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. तो रंग प्रथिनांचा होता का?
– वाचक, मंठा

त्या वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसह काही संस्थांनी नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया गटातील सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले की या गटाला अनुकूल स्थिती मिळते. त्यांचा तांबूस रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा असतो आणि ते प्रथिन नाही. रंगद्रव्य घडवणारी विकरे मात्र प्रथिने असतात, आणि ती अशा तपासणीत सापडू शकतात. या गटातील काही सूक्ष्मजीवांत प्रकाशाच्या साह्याने पेशीबाहेर प्रोटॉन फेकणारे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळट प्रथिनही असते; त्याचा शोध 1971 साली लागला.

लोणारच्या पाण्याचा सामू 10 च्या आसपास असतो. अशा पाण्यातील प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्याने दोन अडचणींची तयारी ठेवावी. क्षार पूर्णपणे धुऊन काढल्याशिवाय नमुना यंत्रात घालता येत नाही. शिवाय हॅलोआर्कियांच्या प्रथिनांत आम्लधर्मी अमिनो आम्ले जास्त आणि लायसिन कमी असते, त्यामुळे ट्रिप्सिनला कापायला जागा कमी मिळते आणि पेप्टाइड नेहमीपेक्षा लांब पडतात.

प्रश्न : पोटातील जिवाणूंची तपासणी करून आहार सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. आमच्या घरी रोज दही, ताक आणि ज्वारीची आंबील असते. अशी तपासणी करून घ्यावी का?
– गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपल्याला काही त्रास नसेल तर अशा तपासणीवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या तपासण्या बहुधा मलातील जिवाणूंच्या डीएनएवर आधारलेल्या असतात आणि कोण आहे याची यादी देतात. त्या यादीवरून निरोगी माणसाला आहार ठरवून देण्याइतके ज्ञान अजून पक्के झालेले नाही. मलातील प्रथिनांच्या अभ्यासाला 2009 साली एका जुळ्या जोडीवरील संशोधनाने चालना मिळाली. अशा अभ्यासांत जिवाणूंच्या प्रथिनांबरोबर माणसाची स्वतःची प्रथिनेही दिसतात, उदाहरणार्थ स्वादुपिंडाची विकरे आणि प्रतिपिंडे. आतडे आणि जिवाणू यांच्यात काय चालले आहे हे दोन्ही बाजूंनी पाहता येते, म्हणून संशोधक या पद्धतीला महत्त्व देतात. ती अद्याप दवाखान्यातील चाचणी झालेली नाही.

मलातील कॅलप्रोटेक्टिन या एका मानवी प्रथिनाची चाचणी मात्र डॉक्टर आजही करून घेतात. आतड्याला सूज आहे का हे त्यावरून कळते. दीर्घकाळ जुलाब, मलातून रक्त किंवा वजनात घट असेल तर जाहिरातीच्या मागे न लागता डॉक्टरांकडे जावे. दही, ताक आणि आंबील आपल्या घरी सगळ्यांना मानवत असेल तर ती चालू ठेवण्यासाठी कोणत्याही अहवालाची गरज नाही.

प्रश्न : देवणी गाय कडब्यावर निभावते. तिच्या पोटातील जिवाणूंचा असा अभ्यास होऊ शकतो का?
– पशुपालक, उदगीर

होऊ शकतो. कडब्यातील तंतू गाय स्वतः पचवू शकत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जिवाणू, बुरशी आणि आदिजीव ते पचवतात. तंतू तोडणारी विकरे कोणाची आहेत, हे प्रथिनांवरून कळते. नमुना घेताना नुसते गाळलेले पाणी घेऊ नये, कारण तंतू तोडणारे जिवाणू तंतूला चिकटूनच राहतात आणि गाळताना चोथ्याबरोबर फेकले जातात. कडब्याची आणि गायीची स्वतःची प्रथिनेही सूचीत घालावी लागतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात मास स्पेक्ट्रोमीटर नाही आणि येण्याची शक्यताही नाही. तरीही विद्यार्थ्यांना या विषयात काही करता येईल का?
– अधिव्याख्याता, हिंगोली

निश्चित करता येईल, आणि आपल्यासारख्या महाविद्यालयांनी ते करावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. जगभरातील संशोधक आपले मूळ वर्णपट युरोपातील प्राइड या खुल्या भांडारात ठेवतात. तेथून कोणालाही ते विनामूल्य उतरवून घेता येतात. मॅक्सक्वांट आणि मेटाप्रोटिओम ॲनालायझर या आज्ञावलीही मोफत आहेत. एखाद्या प्रसिद्ध अभ्यासातले वर्णपट घ्यावेत, सूची बदलून पुन्हा ताडून पाहावेत आणि निष्कर्ष किती बदलतात ते विद्यार्थ्यांनी मांडावे. बरा संगणक आणि चिकाटी एवढ्यावर हा प्रकल्प उभा राहतो.

स्वतःच्या नमुन्यावर काम करायचे असेल तर यंत्र बाहेरचे वापरता येते. मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रोटिऑमिक्सचे काम चालते. नमुना मात्र आपल्यालाच नीट घ्यावा लागेल. तो घेतल्यावर लगेच कोरड्या बर्फात गोठवावा, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडा वेळ बाहेर राहिलेल्या नमुन्यातही विकरे प्रथिने तोडू लागतात आणि जिवाणू नव्या परिस्थितीला जुळवून घेऊ लागतात. पुढे तो उणे 80 अंशांवर ठेवावा. वीज गेल्यास काय करायचे ते आधी ठरवून ठेवावे. प्रत्येक नमुन्याचे सुरुवातीलाच दोन भाग करून एक डीएनएसाठी राखावा. एकाच ठिकाणचा एकच नमुना पाठवू नये, किमान तीन स्वतंत्र नमुने घ्यावेत, आणि ओल, तापमान, सामू, पीक व खताची तारीख यांची नोंद त्याच वेळी वहीत करावी.